पाय टेकला की बाद

“पाय टेकला की बाद!” पोतनीस गुरुजी कर्ण्यातून ओरडत होते. “डावा असो, उजवा असो, मामलेदाराचा असो की माझा असो. जमिनीला लागला की बाद. चहा सायकलवर, जेवण सायकलवर, आणि भांडायचं असेल तर तेही सायकलवर!”

लोक हसले. दिवस नुकताच उगवत होता. हायस्कुलाच्या मैदानावर फक्कीनं मोठा गोल आखला होता आणि त्या गोलावर आम्ही सगळे सायकली धरून उभे होतो. कोयनेचा भूकंप होऊन दोनेक महिने झाले होते. आमच्या गावात त्या पहाटे फळ्यांवरची भांडी तेवढी पडली. डोंगरापलीकडे मात्र गावंच्या गावं बसली. त्या लोकांसाठी मदत गोळा करायला गुरुजींनी ही सायकल-फेरी काढली होती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गोलात फिरत राहायचं, पाय टेकायचा नाही. लोकांनी बघायला यायचं आणि मधे अंथरलेल्या सतरंजीवर आपापल्या ऐपतीप्रमाणे काहीतरी टाकून जायचं.

फिरणारे सगळे पुरुष होते. तालमीतली पोरं, पोस्टमन, शाळेतला एक मास्तर. बायका दोनच, मी आणि मालन.

माझं कुणाला नवल नव्हतं. आमचं सायकलींचं दुकान. पंक्चर काढणं आणि चूल पेटवणं मी एकाच वर्षी शिकले. मालन माझी लहानपणापासूनची मैत्रीण, दुकानामागच्या बोळात मीच तिला सायकल शिकवलेली. पण ती आता लग्न झालेली, बोरजाईच्या मोठ्या घरात दिलेली. संक्रांतीला म्हणून माहेरी आली होती ती अजून परतली नव्हती. तिनं स्वतः येऊन नाव दिलं तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून पुसला होता.

“कुमे, भ्या वाटतंय का?” मालननं विचारलं.

“तुला वाटतंय?”

“मला उतरायचं भ्या वाटतंय,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसले.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. आदल्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. तिला दिलेल्या सायकलीचा डावा ब्रेक मी ढिला करून पार खाली वळवला, म्हणजे ती बोटं मुठीवर नुसती टेकवून ठेवता येतील.

“काय झालं गं हाताला?”

“दारात सापडली.”

“कुठल्या दारात?”

“सासरच्या. तिथली दारं लई जड,” असं म्हणून तिनं घंटी वाजवून बघितली होती.

शिट्टी झाली आणि आम्ही निघालो.

पहिला प्रहर जत्रेसारखा गेला. मालन नऊवारीत होती, काष्ट्यामुळे तिचं सोपं. मी पाचवारीला जागोजागी पिना लावून कशीबशी बसलेली. ती मला चिडवत होती. “पिन टोचली की सांग, मी घंटी वाजवते.” पोस्टमनच्या मागे एक कुत्रं लागलं. त्यांचं जुनं वैर. पोस्टमननं लाथ मारायला पाय काढला तो थेट जमिनीवर. “पहिला बाद!” गुरुजी ओरडले. “कुत्र्याला बक्षीस नाही!” आण्णा, म्हणजे माझे वडील, पंप आणि पाना घेऊन गोलाच्या आत फिरत होते आणि जवळून गेलं की म्हणत, “सावकाश. घाई कुणाला आहे?”

मग फाटकातून जीप आत आली.

मालनची सायकल एकदम माझ्या जवळ आली, इतकी की आमची हँडलं घासली. जीपमधून तिचे सासरे उतरले. पांढरा फेटा, हातात काठी. कारखान्याचे डायरेक्टर, म्हणून सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. मागून तिचा नवरा उतरला, सर्जेराव. तो जीपला टेकून उभा राहिला आणि त्यानं विडी पेटवली.

“न्यायला आलेत,” मालन समोर बघत म्हणाली. “आज रविवारचं येतो असा निरोप हुता. म्हणून तर नाव दिलं मी.”

“म्हणजे?”

“सायकलवर हाय तवर कोण हात लावतंय? समदा गाव बघतोय.”

मी तिच्याकडे बघितलं. ती आता हसत नव्हती.

“तुझ्या दादाला सांगितलं नाहीस?”

“दादा म्हणतो, माणसं न्यायला आल्यावर न्हाई म्हणायचं नसतं. वैनी म्हणती, बोटंच गेली ना, जीव न्हाई ना गेला.” आम्ही वळणावर आलो. तिनं उजव्या हातानं हँडल सांभाळलं. “मामाला निरोप धाडलाय. मिरजेच्या कंडक्टरकडं. मामा म्हणालेला, पुन्यांदा हात लावला तर मी घिऊन जातो माझ्याकडं. दुपारच्या एष्टीनं येईल. तवर खाली उतरायचं न्हाई बस्स.”

तिचा ज्योतीराम मामा रेल्वेत कामाला होता. मोठा मानी माणूस. मालनच्या लग्नात त्याचा आहेर द्यायचा राहिला म्हणून त्यानं दिवसभर कुणाच्या हातचं पान घेतलं नव्हतं. शेवटी दादानं पायावर डोकं ठेवलं तेव्हा पान तोंडात गेलं आणि राग संपला. आमच्याकडे ते तसंच आहे. ज्याच्याशी भांडण, त्याचं पान घ्यायचं नाही. घेतलं की भांडण मिटलं. “मामा लई कडक,” मालन म्हणाली. “तो आला की झालं.”

आबासाहेब फक्कीच्या रेघेपाशी येऊन उभे राहिले. आम्ही समोरून गेलो तेव्हा हळू आवाजात म्हणाले, “सूनबाई, उतरा. निघायचंय.”

मालन पुढे गेली. फेरी मारून आलो तर त्यांनी काठी थोडी वर उचललेली. “उतरा म्हटलं.”

पुढच्या फेरीला काय झालं असतं कुणास ठाऊक. पण तेवढ्यात गुरुजींचं लक्ष गेलं. आमचे गुरुजी भले गृहस्थ होते, सगळ्यांचं भलं दिसायचं त्यांना. कर्णा खरखरला. “बंधुभगिनींनो! आपल्यात आज कोण आलंय बघा! बोरजाईचे आबासाहेब! सुनेला भूकंपग्रस्तांसाठी सायकलवर बसायला ज्यांनी परवानगी दिली ते आबासाहेब! असा सासरा गावोगाव मिळो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी हार. शाल-नारळ देऊन मामलेदारांच्या शेजारी पहिल्या रांगेत त्यांना बसवलं. आबासाहेबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली, हात जोडले आणि हसले. आता त्यांना दिवसभर हसतच बसावं लागणार होतं.

मालनला हसू आवरेना. तिचं हँडल डुगडुगायला लागलं. “मामंजी अडकले गं! कुमे, मामंजी अडकले!”

“नीट चालव, पडशील!”

“आता न्हाई पडत.”

तो सकाळचा वेळ मला अजून आठवतो. ऊन कोवळं होतं, आम्ही शेजारी शेजारी फिरत होतो आणि प्रत्येक फेरीला पहिल्या रांगेत ते हार घातलेले आबासाहेब यायचे. मालन प्रत्येक वेळी डोक्यावरचा पदर नीट करायची आणि पुढे गेलं की खुदकन हसायची.

ऊन चढलं तशी मजा उतरली. पाणी घोटभरच प्यायचं असं आईनं बजावलं होतं, कारण बायकांना कळेल. तालमीतली पोरं एकेक करून पेटके येऊन पडली. कर्ण्यावर गाणी लागली होती, इतकी मोठ्यांदा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. आण्णा पोळीची गुंडाळी हातात द्यायला माझ्या बाजूनं पळत आले तेव्हा मी म्हटलं, “आण्णा, मालनला पाठवू देऊ नका. तिची बोटं बघा.”

“बघितली,” आण्णा म्हणाले. ते धापा टाकत होते.

“मग?”

“बाई, दुसऱ्याची लेक आहे. दुसऱ्याची सून आहे. मी कोण?” आणि ते मागे राहिले.

मिरजेची एसटी आली ती धुरळ्यावरून कळली. थोड्या वेळानं फाटकातून ज्योतीराम मामा आला. रेल्वेचा निळा सदरा, काखेत पिशवी. त्यानं आबासाहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ आमच्याकडे आला आणि मालनच्या बाजूनं चालू लागला. तिचा हात त्यानं पाहिला. चालता चालताच पाहिला. त्याचा चेहरा बदलला.

“मामा, उतरू का?” मालननं विचारलं. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

“न्हाई. फिरत ऱ्हा. आधी चार माणसांत बोलतो त्यांच्याशी, मग न्हेतो तुला. चोरून न्यायला मी काय चोर हाय?”

“मामा, आत्ताच जाऊ.”

“फिरत ऱ्हा म्हणतो ना.” आणि तो वळला.

त्यापुढचं सगळं आम्ही फेऱ्याफेऱ्यांनी पाहिलं. गोल मोठा होता. पहिली रांग समोर यायची, क्षणभर दिसायची, मागे पडायची. मग निम्मा गोल पाठमोरा, आणि मग पुन्हा ती रांग. ऐकू काहीच येत नव्हतं, सगळं गाण्यात बुडालेलं.

एकदा दिसलं, मामा उभा आहे, एक हात कमरेवर, एक बोट आबासाहेबांच्या तोंडासमोर. सर्जेराव जीपपासून पुढे आला आहे.

“बोलतोय,” मालन म्हणाली. “बोलतोय बघ.”

पुढच्या वेळी गाणं मधेच बंद झालं आणि गुरुजींचा आवाज आला, “आणि मालनताईंचं कौतुक बघायला खास मिरजेहून त्यांचे मामा आलेत! रेल्वेतले ज्योतीरामजी! या मामा, या! दोन्ही घरची माणसं एका रांगेत, याहून शोभा ती काय!” आम्ही समोर आलो तेव्हा मामाच्या खांद्यावर शाल होती, नारळ कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते. मामलेदार स्वतः उठून त्याला खुर्ची देत होते. मामलेदार उठल्यावर उभं कसं राहणार? तो बसला. पण खुर्ची त्यानं आबासाहेबांपासून हातभर लांब ओढली.

“लांब वढली,” मालन म्हणाली.

मी हाक मारली, “गुरुजी! गुरुजी, तिला सासरी जायचं नाही! त्यांना सांगा!” गुरुजींनी कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडले. तोवर आम्ही पुढे गेलो. कर्ण्यातून आवाज आला, “कुमुदताईंना लिंबूसरबत पाहिजे! कोण आहे रे तिकडे? पोरींना सरबत द्या!” कुणीतरी पळत येऊन माझ्या हातात पेला दिला. तो रिकामा करून परत देईपर्यंत मला हात हलवता येईना.

मग दिसलं ते असं. आबासाहेब मामाकडे वाकलेले. मग मामा मान हलवतोय, नाही, नाही. मग आबासाहेबांनी छातीला हात लावलाय. मग त्यांनी सर्जेरावला बोलावलंय आणि सर्जेराव खाली मान घालून मामापुढे उभा आहे. मग तो मामाच्या पाया पडतोय आणि मामलेदार कौतुकानं बघतायत. मग चहा आलाय. मामाच्या हातात कप आहे.

“चहा घेतला,” मी म्हटलं.

“चहाचं काय न्हाई. चहा गुरुजींचा हाय.”

तिच्या पायांत आता लय राहिली नव्हती. पायडल दाबताना ती पुरती एका बाजूला कलत होती. माझ्या मांड्या लाकडाच्या झाल्या होत्या. आमच्याशिवाय आता बँकेतला एक कारकून तेवढा उरला होता, तोही डोळे मिटूनच चालवत होता. ऊन तिरपं झालं, आमच्या सावल्या लांब होऊन पहिल्या रांगेवर पडायला लागल्या.

आबासाहेबांनी खिशातून पानाची चंची काढली. लाल कापडाची, गोंड्यांची. ती त्यांनी मामापुढे धरली. मामा दुसरीकडे बघत होता.

“बघ,” मालन म्हणाली. “बघत बी न्हाई.”

आम्ही वळलो. मागची बाजू, शाळेची भिंत, लिंबाचं झाड, सगळं नेहमीपेक्षा सावकाश गेलं. मी मनातल्या मनात मामाला सांगत होते. काय सांगत होते ते आठवत नाही. पुन्हा रांग समोर आली. चंची मामाच्या मांडीवर उघडी होती आणि तो अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. बारीक, नीट, सावकाश कातरत होता. कातरलेली निम्मी सुपारी त्यानं आबासाहेबांच्या तळहातावर ठेवली आणि पानाचा विडा स्वतःच्या तोंडात घातला.

मीच म्हटलं, “पानच तर आहे. तेवढ्यानं काय होतंय?”

ती माझ्याकडे बघून हसली. मला समजावल्यासारखी.

पुढच्या फेरीला मामा रेघेपर्यंत आला. त्याचा गाल फुगलेला होता. “मालन, सबूद दिलाय त्यांनी. मामलेदारांसमोर दिलाय. पोरगं पाया पडलं. आता काय व्हायचं न्हाई तुला.” ती पुढे गेली. तो मागून ओरडला, “ऐकलंस ना? सबूद दिलाय!”

सूर्य शाळेच्या कौलांमागे गेला. गुरुजींनी शिट्टी फुंकली. बँकेतला कारकून तिथल्या तिथे आडवा झाला. लोक उठून उभे राहिले, टोप्या उडाल्या, आमची नावं पुकारली गेली. मी ब्रेकवर हात नेला.

मालन थांबली नाही.

मी ब्रेक सोडला आणि तिच्या मागे गेले. लोकांना ते फार आवडलं. “वा रे वाघिणी!” कुणीतरी म्हणालं. ती फेरी संपली, तिनं आणखी एक घेतली. पुन्हा शिट्टी झाली. टाळ्या आता विरळ होत्या. “ताई, झालं की आता,” एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले.

“कुमे, उतर तू,” मालन म्हणाली.

“आणि तू?”

“मी ऱ्हाते.”

“कुठवर?”

“जमंल तवर. तू उतर. तुला घर हाय.”

मी नाही उतरले. पण काही करूही शकले नाही. मी तिच्या शेजारून सायकल चालवत होते, एवढंच. उजेड कमी होत होता आणि फक्कीची रेघ पुसट दिसत होती. लोकांचं हसणं थांबलं होतं. पहिल्या रांगेत आबासाहेब तसेच हसऱ्या तोंडानं बसले होते. त्यांनी सर्जेरावकडे बघून नुसती मान हलवली.

सर्जेराव गोलाच्या आत आला. नवरा बायकोला आणायला निघालाय हे पाहून पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो पण लाजल्यासारखा हसला. मालनची सायकल समोर आली तसा तो बाजूला झाला, आणि मागून त्यानं कॅरियर धरला.

सायकल थांबली. पण मालननं पाय खाली टेकला नाही. दोन्ही पाय पायडलवर, ताठ. डाव्या हाताचा तळवा हँडलवर दाबलेला, दोन बोटं वर उभी. सर्जेरावनं एका हातानं सायकल तोलली, दुसरा हात तिच्या कमरेत घातला, आणि लहान पोराला पाळण्यातून घ्यावं तसं तिला उचललं. सायकल पडली. तो तिला उचलूनच चालत गेला आणि त्यानं तिला जीपमध्ये ठेवलं.

लोकांनी डोक्यावर घेतलं ते मैदान. गुरुजींचा आवाज भरून आला होता. खरंच भरून आला होता. “पाय जमिनीला न लावता! बंधुभगिनींनो, दिवसभर पाय जमिनीला न लावता थेट सासरच्या गाडीत! वाजवा, टाळ्या वाजवा!” सगळ्यांनी वाजवल्या. मामलेदारांनी, दादानं, वहिनीनं. मामानंही वाजवल्या.

मी पाय टेकला. पाय नव्हतेच तिथे. मी सायकलीसकट खाली बसले आणि “मालन!” म्हणून हाक मारली. टाळ्यांत ती मलाही ऐकू आली नाही. जीप फाटकातून बाहेर पडली तेव्हा ती मागे वळून बघत होती का, हे मला माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या लोकांमुळे दिसलं नाही. ते मला हार घालत होते.

तो शब्द किती टिकला, मला माहीत नाही. मालन पुन्हा माहेरी आली नाही. आधी शेतीची कामं निघाली, मग बाळंतपण, मग तिला बरं नसतं असे निरोप येत राहिले. एका पावसाळ्यात ज्योतीराम मामा एकटाच बोरजाईला जाऊन आला. परत जाताना आमच्या दुकानापाशी थांबला. लटकवलेल्या टायरींकडे बघत उभा राहिला. आण्णांनी पानाचा डबा पुढे केला. त्यानं दोन्ही हात जोडले आणि एसटीला अजून वेळ होता तरी स्टँडकडे निघाला. पुढे त्यानं कुणाच्याच हातचं पान घेतलं नाही, असं मिरजेकडची माणसं सांगत.

माझे आता गुडघे गेले. दुकान भाच्याकडे आहे. कुणी सायकलीवरून उतरताना पाय टेकण्याआधी जरा थांबलं, की मला पुढे बघवत नाही, मी आत निघून जाते.

फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले तेव्हा आण्णांनी मालनची सायकल पुसून स्टँडवर लावली होती. धुरळा काढला होता, चेनला तेल दिलं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “डावा ब्रेक खाली वळवलेला आहे. सरळ करून ठेव. गिऱ्हाईक येईल.”

“असू दे ना आण्णा.”

“असू दे कसं? त्या ब्रेकनं दुसरं कुणी पडेल.”

बरोबरच होतं ते. मी पाना घेतला, ब्रेक वर घेतला, बसतो का ते बघितलं आणि आवळला.